पक्षी सुदृढ, सबब मुलगी संशयित

"पोरीला शेडात नको नेऊ गो भावना, कोंबड्यांना काय लागलं तं?"

माझे सासरे दामू यांचा हा इशारा मी हसून उडवून लावला होता. मी बी.एस्सी. आहे. दोन वर्षांच्या मनस्वीला पाणीसुद्धा उकळून, गाळून देते. तिच्यापासून कोंबड्यांना धोका, हे माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं.

मुरबाडजवळच्या आमच्या ब्रॉयलर शेडची व्यवस्था सोपी आहे. शेड आमचं, पक्षी कंपनीचे. सबब पक्ष्यांना लस, हीटर, दारात पाय बुडवायला जंतुनाशक. मनस्वीला फक्त आम्ही. तिने एका कोंबडीला मिठी मारून पापा घेतला आणि त्याच आठवड्यात ताप नि जुलाबांनी दवाखान्यात पोचली. तपासणीत साल्मोनेला हा जंतू निघाला. मी कंपनीला कळवलं, पक्षीही तपासा, तोवर विकू नका.

सुपरवायझर रितेश अहवाल घेऊन आला. पेढे आणायचेच तेवढे राहिले होते.

"वहिनी, अभिनंदन! साल्मोनेला पक्ष्यांच्या आतड्यात मुक्कामाला आहे, पण एकालाही ताप नाय. खाणं चालू, वजन चालू. प्रतिकारशक्तीने जंतूशी जुळवून घेतलंय."

"आणि माझी मुलगी?"

"तिचा प्रतिसाद जरा अतिरेकी वाटतो. एवढं तापायची गरज नव्हती."

"तिला सलाईन लावलंय, रितेशभाऊ!"

"तेच म्हणतो मी. शेडात एका तरी पक्ष्याला लावलं का?"

मी तालुक्याला पशुसंवर्धन कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी चष्मा पुसत सांगितलं, की त्यांच्या अखत्यारीत फक्त आजारी पक्षी येतात. निरोगी पक्ष्यावर कारवाई म्हणजे त्याच्यावर अन्याय. तरीही तक्रार आलीच आहे, तर निकाली काढणं भाग होतं. सदर आवारात लक्षणं असलेल्या जिवाचा शोध घेण्यात आला. एकच सापडला, तोही दवाखान्यात.

शेडच्या दारावर पाटी लागली : 'पक्ष्यांच्या आरोग्यास्तव कु. मनस्वी हिला प्रवेश बंद.' सासऱ्यांनी ती मोठ्याने वाचली. "मी बोल्लो नव्हतो का गो?"

दवाखान्यातून सुटताच तिला आसनगावला माझ्या माहेरी हलवायची सूचना आली. निघताना तिचेच पाय जंतुनाशकात बुडवले. पक्षी मात्र म्हसा गावच्या जत्रेच्या तोंडावर, 'सुदृढ' असा शेरा घेऊन, गाडीत चढले.

मनस्वी आता पेज खाते. मी मात्र रविवारी कुणाच्या घरातून मसाल्याचा वास आला की दचकते. तुम्हीही आणलंत ना किलोभर, समोर कापून घेतलेलं, एकदम ताजं? कोंबडी ठणठणीत होती, हमी मी देते. कढईत शिजल्यावर तर जंतूही गेला. पण ती कच्ची असताना नळाखाली धुऊन, त्याच हातांनी काकडी चिरणारी तुमच्या घरातली बाई काल जेवली नाही. 'जरा कसंतरी होतंय' म्हणाली, आणि तुम्ही मान न वळवता 'हं' म्हणालात.

आता एवढं वाचलंच आहे, तर आत जाऊन तिच्या कपाळाला हात लावून बघा.