जावई, एक नग

अकोल्याच्या जठारपेठेत राहणारे सेवानिवृत्त हेडक्लार्क महादेवराव यांची मोटार पूर्ण झाली होती. तिला फक्त चाकं नव्हती.

ही मोटार त्यांनी स्वतःच्या हातांनी जोडली होती. सुटे भाग खोक्यांतून आले, माहितीपुस्तक वाचत, चुका करत, तीन वर्षांत अंगणात लाल रंगाची दोन आसनी गाडी उभी राहिली. खाली विटा होत्या. पार्वताबाई तिच्या बॉनेटवर कुरड्या वाळवत. गाडीचा एवढा उपयोग होतो आहे हे पाहून महादेवरावांना अधूनमधून वाईट वाटे.

चाकं नसण्याला कारण त्यांची एकसष्टी. पाहुण्यांनी आहेर काय हवा म्हणून विचारलं. घरातल्या टॉवेल-टोप्यांना कपाट पुरत नव्हतं, म्हणून महादेवराव बोलून गेले, "टॉवेल-टोपी नको. चौघांनी मिळून गाडीले अलॉयची चाकं द्या. एकेक." आणि त्याच भरात चारचौघांत शब्दही दिला: येत्या अधिक महिन्यात जावयाला धोंड्याच्या जेवणाला अमरावतीहून ह्याच गाडीतून आणीन.

चार चाकं आली. आहेराचं माप विचारायची पद्धत वऱ्हाडात नाही, त्यामुळे चौघांनी आपापल्या मनाने आणली. तिवस्याचा साळा मोतीराम याचं चाक चार भोकांचं. अमरावतीचे व्याही श्यामराव यांचंही चार भोकांचं, पण ती जवळजवळ पाडलेली. शेंदूरजनाघाटचे साडभाऊ संत्र्याचे व्यापारी. त्यांनी जीपचं, सहा भोकांचं आणलं. जावई विपुल यांनी सहा भोकांचंच, पण सोनेरी. ही शेवटची दोन बाकीच्या दोघांपेक्षा चांगली वीतभर मोठी होती.

गाडीचे हब, म्हणजे ज्यांवर चाकं बसतात ते, चार बोल्टांचे होते.

महादेवरावांनी लेथवाले अब्दुल गफ्फार यांना बोलावलं. गफ्फारभाईंनी चारही चाकं भिंतीला टेकवून ठेवली आणि पोरीचं स्थळ पाहायला आल्यासारखे समोर बसले.

"भाऊ, सिधी बात सांगू? तीन इकून टाका. एकाच्या जोडीचे तीन आना."

"कोनाचे इकू? नाव सांगा तुमी."

गफ्फारभाईंनी एकेका चाकाकडे पाहिलं. श्यामराव व्याही. विपुल जावई. मोतीराम बायकोचा भाऊ. साडभाऊ तर दिवाळीपासून आधीच रुसलेले.

"चाकं राहू द्या," ते म्हणाले. "हबच बदलू."

उपाय शास्त्रीय होता. लोखंडाची जाड चकती करायची. ती आतून हबच्या चार बोल्टांवर बसेल, आणि बाहेरच्या अंगाने तिला चाकाच्या भोकांप्रमाणे नवे बोल्ट असतील. अशा तीन चकत्या झाल्या. श्यामरावांचं चाक मात्र चकतीशिवाय, सरळ हबवर बसलं. गफ्फारभाईंनी अल्लाचे आभार मानले. ते घाईचे ठरले.

"सगळ्याइले चकती," व्याह्यांचा फोन आला. "आमालेच नाही. बराबर हाय. पोरीवाले आता कायले इचारतीन."

चौथी चकती झाली. तिची गरज नव्हती, म्हणून तिला पॉलिश जास्त केलं.

मग कोणतं चाक कुठे, हा प्रश्न आला. जावयाचं पुढे उजवीकडे, याबद्दल वाद नव्हता. व्याह्यांचं त्याच्या शेजारी, पुढे डावीकडे. साडभाऊ जावयाच्या मागे. उरलेल्या जागी मोतीराम. तो तिवस्याहून तपासणीला आला.

"भाऊजी, मले मागं काहून टाकलं?"

"मोतीरामभाऊ," गफ्फारभाई म्हणाले, "ह्या गाडीत इंजनाचा जोर मागच्या चाकाइले हाय. पुढचे नुसते वळतात. ढकलनारे तुमी."

मोतीरामच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. तो चहा घेऊन गेला. अशा रीतीने उजवीकडे दोन मोठी चाकं आली, डावीकडे दोन लहान, आणि गाडी कोणाचं तरी गुपित ऐकत असल्यासारखी डावीकडे झुकून उभी राहिली. मान सगळ्यांचा सारखा राहिला.

आता फक्त परवाना. चाक-सुसंगती पडताळणी कक्षात टेबलामागे नीलम मॅडम होत्या. त्यांनी नमुना अकरा-क काढला.

"चाकाला भोकं किती?"

"दोघाइले चार, दोघाइले सहा."

"रकाना एकच आहे, काका."

महादेवरावांनी ह्याच खात्यात चौतीस वर्षं रकाने भरले होते. "सरासरी लिहा," ते म्हणाले. मॅडमनी 'पाच' लिहिलं. गाडीत एकाही चाकाला पाच भोकं नव्हती, त्यामुळे कोणावर अन्याय होण्याचा प्रश्न उरला नाही.

"ह्या चकत्या कशात धरायच्या?"

"चकत्या हायेत त्या. चकत्यात धरा."

"तसा रकाना नाही. गोल आहेत का?"

"हो."

"फिरतात?"

"चाकासंगं फिरतात."

मॅडमनी जुनं परिपत्रक काढून वाचलं. "'जी वस्तू गोल असून वाहनाच्या गतीसोबत फिरते, ती चाक समजण्यात यावी.' म्हणजे चार आणि चार, आठ. आठ चाकांचं वाहन मालवाहू होतं, काका."

"हे कोन्या गाढवानं लिहिलं?"

मॅडमनी कागद वळवून दाखवला. खाली 'मसुदा तयार करणार' म्हणून जी सही होती, ती महादेवरावांचीच होती. परिपत्रक त्या काळी बैलगाडीच्या वादात निघालं होतं, आणि साहेबांनी शाबासकी दिल्याचं त्यांना आठवलं. त्यांनी पुढे हरकत घेतली नाही.

लाल, दोन आसनी गाडी मालवाहू म्हणून नोंदवली गेली. अट एकच, प्रवासी बसवायचा नाही.

"पन मले जवाई आनाचे हायेत."

"माल म्हणून आणा. पावती फाडा. वर्णन, नग, आणि नाशवंत आहे का ते लिहा."

"नाशवंत नाही," महादेवराव विचार करून म्हणाले. "लवकर तापते."

"मग 'काळजीपूर्वक हाताळा' लिहा."

चाचणीच्या दिवशी गल्ली जमली. गाडी फाटकातून निघाली आणि डावीकडे वळली. महादेवरावांनी सुकाणू सरळ धरलं होतं. गाडीने त्याची दखल घेतली नाही. ती पुन्हा डावीकडे वळली, पुन्हा वळली, आणि चौथ्या डावीकडे स्वतःच्या फाटकात येऊन थांबली. तीनदा तसंच झालं.

"मोठे चाक एका बाजूनं, लहान एका बाजूनं," गफ्फारभाई म्हणाले. "हे अमरावतीले जात नाही, भाऊ. ह्ये घरीच येते."

"दोनी मोठे पुढं लावून पाहू का?"

"मंग व्याही मागं."

चाकं होती तिथेच राहिली. अधिक महिन्याचे दोन दिवस उरले होते. जावई आता हुकला तर पुढचा अधिक तीन वर्षांनी, आणि शब्द चारचौघांत दिलेला. महादेवराव जेवले नाहीत.

"असं करून काय राहिले?" पार्वताबाईंनी ताट पुढे सरकवलं. "गाडी कोपऱ्यापर्यंत जाते नं?"

"जाते. तिथूनच वळते."

"मंग जवाईबापूले कोपऱ्यावर उभे राहा म्हना."

शेवटच्या दिवशी विपुल अमरावतीहून एसटीने अकोल्याला आले, स्टँडवरून ऑटोने कोपऱ्यावर आले आणि बॅग घेऊन उभे राहिले. गाडी आली. महादेवरावांनी पावती फाडली: जावई, एक नग, काळजीपूर्वक हाताळा. विपुल यांनी पोच म्हणून सही केली. तीन डाव्या वळणांनंतर दोघंही दारात होते, आणि पार्वताबाईंनी भाकरतुकडा ओवाळला.

साडभाऊ, व्याही, मोतीराम आधीच येऊन बसले होते. प्रत्येकजण उठून आपापल्या चाकापाशी गेला, वाकला आणि हात लावून पाहू लागला.

"माह्यं बराबर फिरते," साडभाऊ म्हणाले.

"आमचंबी."

"ढकलते तर माह्यंच," मोतीराम म्हणाला.

एकाही चाकात दोष निघाला नाही. कागदांतही नव्हता. पंगत बसली, तेहतीस अनारसे वाढले गेले. विपुल हात धुता धुता म्हणाले, "मामाजी, गाडीले स्टेपनी नाही दिसत."

चाकं देणाऱ्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. "देऊ नं," चौघंही एकदम म्हणाले.

आपण हसत असाल तर हरकत नाही. फक्त हे पान मिटल्यावर आपल्या बैठकीच्या भिंतीवरचं ते आहेराचं घड्याळ पाहा. वीस मिनिटं मागे आहे ते. आपण ते काढलेलं नाही, कारण देणारे कधीही येऊ शकतात. घरातली सगळी माणसं त्यात वीस मिळवूनच बाहेर पडतात, आणि लहान मुलांनाही आता ते मिळवणं पाठ झालेलं आहे.