अनुसया सिस्टरांचं समाधान

अनुसया सिस्टर सुई टोचण्याआधी पेशंटचा अपमान करायच्या. "अहो पाटील, एवढ्या मिशा ठेवून रडता? मिशा तरी काढा, न्हाईतर रडू तरी आवरा!" पाटलांचा हात मिशीकडे जाईपर्यंत इंजेक्शन होऊन जायचं.

लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा आमचा दवाखानाही एका रात्रीत मोठा झाला. पाटी बदलली, नळ कोरडेच राहिले. दुष्काळ होता. टँकर आला की सिस्टर पाण्याच्या ड्रमपाशी पहारा द्यायच्या. मोठे साहेब तोंड धुवायला आले, तर म्हणाल्या, "नवाबसाहेब, आधी बाळंतिणी. तुमचं तोंड उद्या बी असंच राहणार हाय!" मी तिथं कारकून होतो. मला त्या 'बाबूजी' म्हणत, तेही शिवी दिल्यासारखं.

एकदा वरून फॉर्म आले : परिचारिका नोकरीत समाधानी आहेत काय? संध्याकाळपर्यंत परत धाडायचे होते. मी एकेकीच्या नावावर 'समाधानी' लिहीत सुटलो होतो, तेवढ्यात सिस्टरांनी आपला फॉर्म हिसकावला आणि मागची बाजूसुद्धा भरून टाकली. 'तीन वॉर्डांना एक सिस्टर. हात धुवायला पाणी नाही. साहेब "ए बाई" म्हणून हाक मारतात. पेशंट बरे आहेत, निदान ते तरी ऐकतात.' शेवटी लिहिलं होतं, 'आई निलंग्याला एकटी आहे, तिला दिसत नाही. तिकडे बदली द्या, मग समाधानी लिहीन.'

साहेब माझ्यावरच भडकतील, या भीतीनं मी तो फॉर्म फाडला. दुसऱ्यावर 'समाधानी' लिहिलं आणि सिस्टरांची सही मीच ठोकली. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

सिस्टरांनी बदलीचा रीतसर अर्जही केला होता. तो परत आला. शेरा होता : सदर परिचारिका आहे त्या जागी समाधानी आहेत.

"बाबूजी, मी लई समाधानी हाय म्हणे. मलाच कसं कळलं न्हाई?"

"वरचे लोक," मी म्हणालो, "काय बी लिहितात."

त्याच उन्हाळ्यात त्यांची आई गेली. सिस्टर पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. काही दिवसांनी त्या ड्युटीवर हजर झाल्या. तोंड पूर्वीसारखंच सुरू.

आज कबूल करायचंच, असं ठरवून मी वॉर्डात गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या एका म्हातारीची त्या वेणी घालत होत्या. म्हातारीच्या डोळ्यांवर पट्टी होती. हातांच्या स्पर्शानं तिला आपली लेकच आल्यासारखं वाटलं.

"सुंदे, कधी आलीस गं?"

सिस्टरांचा कंगवा थांबला.

"आत्ताच आले, माय. येस्टी चुकली, म्हणून उशीर झाला."

मी दारातूनच मागं फिरलो.