भागाईचा घसा

रविवारी संध्याकाळी सरजाबाईच्या ओसरीत टीव्हीसमोर अर्धी गल्ली बसलेली असताना पडद्यावरची कोंबडी मान वेळावून म्हणाली, "अगं बाई, कसलं हे लुगडं दिलं विहिणीनं! नेसून उभं ऱ्हायलं तर पलीकडची म्हैस दिसती!"

सगळी ओसरी खदखदून हसली. हसली नाही ती एकटी सरजाबाई. तांदूळ निवडता निवडता तिचा हात सुपातच थांबला. कारण हे वाक्य तिचं होतं. लेकीच्या, कुशावर्ताच्या लग्नात विहिणीनं दिलेलं लुगडं उलगडून, स्वयंपाकघराचं दार लावून घेऊन, फक्त लेकीच्या कानात ती हे बोलली होती. आणि आता तेच वाक्य एक कोंबडी साऱ्या महाराष्ट्राला ऐकवत होती.

'खुराडा' नावाची ही हलत्या चित्रांची विनोदी मालिका मुंबईहून पंधरा दिवसांतून एकदा लागायची. चार वर्षं झाली तरी लोकांचं मन भरत नव्हतं. तिच्यात बदकं होती, एक गाढव होतं, आणि सगळ्यांना धारेवर धरणारी भागाई नावाची कोंबडी होती. लोक मालिका बघत ते भागाईसाठी. तिचं बोलणं लिहिणारा बन्सीधर हा मूळ पिंगळीचा, मुंबईत नोकरीला असलेला, आणि बोरीच्या सरजाबाईचा एकुलता एक जावई. टीव्हीही त्यानंच घेऊन दिलेला. शेवटी नावं सरकायला लागली की सरजाबाई सगळ्यांना गप्प करायची आणि जावयाचं नाव आलं की, "आमचे बन्सीधरराव," असं दर वेळी नव्यानं सांगायची.

भागाईवर तर तिचा फार जीव. "काय तोंड हाय गं बाई हिचं!" ती पोट धरून हसायची. "अशी बाई एखाद्याच्या घरात आसंल तर त्या नवऱ्यानं जगावं कसं?" असं ती म्हणाली की गल्लीतल्या बायका आढ्याकडे बघायच्या आणि तिचा नवरा मुंजाजी बैलांना वैरण टाकायला उठून जायचा.

"चतुरे," सरजाबाई शेजारणीला म्हणाली, "ही कोंबडी माझं बोलायलीय."

चतुराबाईनं तोंडात पदराचा बोळा कोंबला, पण तरी हसू बाहेर आलंच. "काकू, आज कळालं व्हय तुमाला? सगळी गल्ली तर तुमाला मागं भागाईच म्हणती!"

सरजाबाईनं सूप खाली ठेवलं. मागचे भाग एकामागून एक तिच्या डोळ्यांपुढून जाऊ लागले. गाढवाला भागाईनं झापलं होतं, "खायला पुढं आन् कामाला मागं," ते तिनं सालगड्याला म्हटलेलं. बदकाच्या पाहुण्यांना, "सतरंजी उचलली तरी ह्यांना कळंना," ते मावसभावजयीला. जावई दरवेळी येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच का बसतो, आणि लेकीच्या कानात सांगितलेलं त्याच्या कानी कसं जातं, ह्याचा उलगडा तिला आत्ता झाला. तिला वाटायचं, लेकरू किती भलं, सासूचं बोलणं कान देऊन ऐकतं!

रात्रीची भाकरी थापताना तिनं मुंजाजीला धरलं. "तुमाला ठावं हुतं?"

"हूं."

"कवापासनं?"

"पयल्यापासनं."

मुंजाजीचं बोलणं एवढंच असायचं. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण ह्या माणसानं सलग दोन वाक्यं बोललेली गावात कुणी ऐकली नव्हती.

"आन् मला सांगितलं न्हाई? माझी बेइज्जती व्हायलीय, सारा मुलूख दात काढायलाय, आन् तुमी हितं बसून बगायलाव?"

मुंजाजीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि कालवणात बुडवला.

बेइज्जती एवढ्यावर थांबली असती तर सरजाबाईनं एखादे वेळी पदरात घेतलीही असती. पण टीव्ही पिंगळीतही होता. बाजाराच्या दिवशी दुपारच्या यष्टीनं विहीण सुमनबाई बोरीला उतरली आणि पाणीसुद्धा न घेता थेट अंगणात येऊन उभी राहिली. तिच्या अंगावर तेच लुगडं होतं. तसलंच दुसरं तिनं स्वतःसाठीही घेतलं होतं, हे सरजाबाईला तेव्हा कळलं. अंगणात म्हैस बांधलेली होती. सुमनबाई बरोबर म्हशीच्या पुढ्यात गेली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"बगा विहिणबाई. नीट निरखून बगा. दिसती का म्हैस?"

"मी कुटं काय बोलले? ती कोंबडी बोलली!"

"कोंबडीला म्या लुगडं दिलं न्हवतं!"

"मंग तुमच्या लेकाला इचारा की. लिवणारा त्यो हाय."

"माझं लेकरू भोळं हाय. कानावर पडलं ते लिवलं त्यानं. पाडलं कुनी?"

सरजाबाईला ह्यावर जबाब होता, पण तेवढ्यात भिंतीपलीकडून चतुराबाईनं मान वर काढली आणि मोठ्या सरळ मनानं सांगितलं, "न्हाई दिसत वो म्हैस. नुस्ती शिंगं दिसायलीत."

ती शिंगं लुगड्यातून नव्हे, विहिणीच्या डोक्यावरून दिसत होती. पण सुमनबाई तशीच मागे वळली आणि चहा न घेता यष्टीच्या फाट्याकडे चालू लागली. पोरीच्या सासरशी वाकडं आलं, ते एका कोंबडीपायी. सरजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यात त्या वर्षी धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कापडं करायची, जावयाला देवासारखं पाटावर बसवायचं. हे चुकवलं असतं तर सुमनबाईनं पिंगळीपासून परभणीपर्यंत डांगोरा पिटला असता. बोलावणं धाडावंच लागलं. पण धाडतानाच सरजाबाईनं मुंजाजीला बजावलं, "त्यो ह्या घरात हाय तवर मी तोंड उघडणार न्हाई. एक शब्द न्हाई. बगू मंग त्याची कोंबडी काय बोलती!"

"हूं," मुंजाजी म्हणाला, पण ह्या वेळी त्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं.

बन्सीधर आणि कुशावर्ता आली. जावयानं वाकून नमस्कार केला, सरजाबाईनं हातानंच आशीर्वाद दिला. "मामी, बऱ्या हायेत ना?" तिनं मान हलवली. पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला, आणि ओठ असे मिटून घेतले, जणू आत पाणी भरून ठेवलंय.

पहिल्या दिवशी बन्सीधरला वाटलं, दाढ दुखत असेल. दुसऱ्या दिवशी त्याचा चेहरा उतरला. 'खुराडा'चा शंभरावा भाग यायचा होता. मुंबईत त्याचा मोठा थाट ठरला होता, पेपरात आधीच छापून आलं होतं, चित्रं काढणारे वाट बघत बसले होते, आणि भागाईच्या तोंडी घालायला त्याच्याजवळ एक वाक्य नव्हतं. कुशावर्ता आईच्या मागे मागे फिरू लागली. "आई, कायतरी बोल गं. त्यांच्या नोकरीचा सवाल हाय. रागानं बोल, पण बोल!"

सरजाबाईनं पातेल्यावर झाकण असं आदळलं की गाभण शेळी दचकून उठली.

मग बन्सीधरनं तिला डिवचायला सुरुवात केली. धोंड्यात गूळ कमी पडला, म्हणाला. चतुराबाईच्या हातचं पुरण जास्त मऊ असतं, म्हणाला. शेवटी चपला घालून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहिला. सरजाबाई लालबुंद झाली, कानाच्या पाळ्यासुद्धा तापल्या, पण तिनं पदर दातांखाली धरला आणि हू का चू केलं नाही.

घराची मात्र रया गेली. म्हशीला सरजाबाईच्या शिव्या ऐकल्याशिवाय पान्हा फुटत नसे. ती मान वळवून वाट बघायची आणि दूध चोरायची. सालगडी कामाला कुठून लागावं हे न कळून ऊन चढेपर्यंत बांधावर बसून राहायचा. चतुराबाई भिंतीवरून दोनदा विचारून गेली, "काकूची तब्येत बरी हाय ना?"

आणि मग एका सकाळी सरजाबाईला अंगणातल्या लिंबाखालून आवाज ऐकू आला. पुरुषाचा, जाडसर, सलग आवाज. तिला वाटलं, कुणी पाहुणा आला. दाराआडून बघते तर बाजेवर मुंजाजी बसलेला, समोर जावई उकिडवा, आणि मुंजाजी बोलतोय! थांबत नव्हता. हातवारे करत होता. मध्येच हसला, मध्येच उपरण्यानं नाक पुसलं आणि पुन्हा बोलायला लागला. शब्द काही कळत नव्हते, पण जावयाचे डोळे लखलखले होते.

सरजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'मी बोलायची बंद झाले, आन् ह्यांना वाचा फुटली! तीस वर्सं मला एक शब्द न्हाई, आन् त्या चुगलखोराजवळ एवढं काय सांगायलाय?' पण विचारायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. ती चुलीपाशी जाऊन विनाकारण तवा घासत बसली.

जावई निघाला तो खुशीत. त्यानं पाया पडून, "मामी, तुमचे लय उपकार झाले," म्हटलं, ते तिला फोडणीसारखं झोंबलं. यष्टी वळणाआड गेली आणि तिनं तिथं फाट्यावरच तोंड उघडलं. साठलेलं सगळं घरापर्यंत, आणि घरी पोचल्यावर दिवेलागणीपर्यंत, मुंजाजीवर कोसळत राहिलं.

"काय सांगितलं त्याला?"

"कुटं काय."

"एवढा येळ?"

"हूं."

मुंजाजी पुन्हा पहिल्यासारखा झाला होता.

श्रावणात कुशावर्ता पंचमीला माहेरी आली. तिला पोचवायचं निमित्त करून सुमनबाईही आली, पण ओसरीच्या दुसऱ्या टोकाला विहिणीकडे पाठ करून बसली. त्याच आठवड्यात रविवारी 'खुराडा'चा शंभरावा भाग होता. गल्ली तर आलीच, मागच्या आळीतलेही आले. सरजाबाई मधोमध बसली होती. एक वावगं वाक्य आलं की टीव्ही उचलून उकिरड्यावर टाकायचा, असं तिनं जाहीर केलं होतं.

भाग सुरू झाला आणि कळलं की भागाईचा घसा बसलाय. ती चोच उघडायची, पण आवाज निघत नव्हता. बदकं आनंदानं नाचली, गाढवानं पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मात्र बदकं वाट चुकली, गाढव भलत्याच्याच दारात जाऊन उभं राहिलं, दाणे सगळे उंदरांनी नेले. लोक हसत होते. मग भागाईचा कोंबडा भिंतीवर चढला. हा कोंबडा पहिल्या भागापासून नुसता भिंतीवर असायचा, कधी बोलला नव्हता. तो लोकांकडे बघून म्हणाला:

"मी आरवलो की दिस उगवतो, असं वाटतं तुमाला. आवो, ती आतून 'उठा की आता' म्हणून वरडती, तवा मी जागा हुतो. लग्नात मी लय भेलो हुतो. चारचौघांत मला बोलायला येत न्हवतं. लोकं हसायचे. तिनं वळखलं, आन् त्या दिसापासनं माझ्या वाटचं बी तीच बोलली. मला कुनी कवा हसलं न्हाई. आता ती गप हाय, तर घरात मला माझीच वाट सापडंना. घास तोंडातच फिरायलाय."

ओसरीत कुणी हसलं नाही. चतुराबाई डोळ्याला पदर लावून बसली. सुमनबाईची पाठ अर्धी इकडे वळली. सरजाबाई हळूहळू वळली आणि खांबाला टेकून बसलेल्या नवऱ्याकडे बघू लागली. मुंजाजी टीव्हीच्या वायरीकडे फार बारकाईनं बघत होता.

"हे तुमी म्हनलात?"

"हूं."

"जावयाला म्हनलात!" सरजाबाई उठून उभी राहिली. "कोंबड्याला म्हनलात! साऱ्या महाराष्ट्राला सांगितलं, आन् मला कामून न्हाई सांगितलं? मी काय परमुलखात हुते? हितंच हुते ना, चुलीपशी? तीस वर्सं! एक दिस तरी म्हनायचं! कोंबडीला कळालं, गाढवाला कळालं, ह्या चतुरीला कळालं, आन् जिचं हाय तिला सगळ्याच्या मागून!" मग ती लेकीकडे वळली. "आन् सांग तुझ्या नवऱ्याला, कोंबडीचा घसा बसला म्हनून दावलं ते साफ झूट हाय. माझा घसा ठनठनीत हुता. कोंबडी रुसली हुती! रुसली हुती म्हनावं! पुढच्या भागात तसं दुरुस्त करून दाव म्हनावं!"

तेव्हा मुंजाजी खांबाचा आधार सोडून नीट बसला आणि भरल्या ओसरीत, सगळ्यांच्या देखत, म्हणाला, "मंग कोंबड्यानं काय करावं, तेबी सांग की."

सरजाबाईनं बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. पुन्हा उघडलं. डोक्यावरचा पदर विनाकारण सारखा केला आणि, "चहा टाकते," एवढंच पुटपुटून आत गेली. सुमनबाई तिच्या मागोमाग गेली, साखरेचा डबा कुठं आहे विचारत.

सरजाकाकूला नवऱ्यापुढं बोलायला सुचलं नाही, हे चतुराबाई पुढं महिनाभर गावात सांगत होती. पण जे त्या दिवशी ओसरीत नव्हते, त्यांतल्या कुणीही तिच्यावर विश्वास ठेवला नाही.