रेवजीभाऊंची पावडर आणि केळीची पंगत

सारंगखेड्याच्या रेवजीभाऊंना बोलण्यात हरवील असा माणूस अजून जन्माला यायचा होता. असं त्यांचंच म्हणणं होतं! त्यामुळे अबकारी कराचे इन्स्पेक्टर खासनीस साहेब धुळ्याहून येणार म्हटल्यावर ते मिशीला पीळ देत बायकोला म्हणाले, "जसोदा, साहेबले मी अशी चुटकीसरशी पटाडी दिसू!"

पटवायचं होतं एवढंच. जस्त, तांबं, लोह असलं काहीबाही मिसळून भाऊंनी केळीसाठी पावडर काढली होती. ती खत ठरली तर कर माफ. रसायन ठरली तर कर, परवाना आणि तोवर गोडाऊनला कुलूप! ऐन लागवडीच्या दिवसांत कुलूप लागलं म्हणजे धंदा बसलाच.

साहेबांनी पावडर चिमटीत धरून विचारलं, "एका झाडाला किती घालता?"

"चिमूटभर."

"मग हे खत कसं? खत गाडीभर लागतं! चिमूटभर लागतं ते औषध."

"साहेब, आमटीत मीठ बी चिमूटभरच घालतस. ते काय औषध शे?"

"मग हे मीठ आहे म्हणता? मिठाचा विभाग वेगळा!"

भाऊंचं डोकं गरगरलं. साहेबांचंही गरगरलं असावं, कारण त्यांनी पाणी मागितलं. शेवटी तोड निघाली. केळीच्या दोन रांगा धरायच्या. एकीला पावडर, दुसरीला काही नाही. महिन्याभरानं साहेब स्वतः फरक बघणार. भाऊ खूश! पावडरीचा गुण त्यांना पक्का ठाऊक होता.

महिन्यानं साहेब आले. भाऊंनी ऐटीत बागेत नेलं आणि जागीच थिजले. दोन्ही रांगा हिरव्यागार! पोपट बसला तर सापडू नये अशा!

"फरक कुठाय?" साहेबांनी विचारलं.

भाऊ या रांगेकडून त्या रांगेकडे नुसते धावत सुटले. तेवढ्यात जसोदाबाई चहा घेऊन आल्या आणि अगदी निरागसपणे म्हणाल्या, "दुसरी रांगले मीच वाढी दिधं! एक रांग जेवी ऱ्हायनी नि तिन्हा शेजारनी उपाशी! पंगतमा असं करतस का कोनी? पाप लागस!"

आता या बाईला काय म्हणणार? पंगतीत दुजाभाव करू नये हे तिला आईनं शिकवलेलं. भाऊंनी कपाळ बडवलं.

"म्हणजे पावडरीनं गुण आला म्हणता?" साहेब गोंधळले. "मग पावडर न घातलेली बाग दाखवा."

बांधाला लागूनच उखाची बाग होती, कावीळ झाल्यासारखी पिवळी. उखा पक्का चिक्कू. त्यानं पावडरीची पिशवी आजवर हातातसुद्धा धरली नव्हती! भाऊंच्या जिवात जीव आला. त्यांनी उखाला हाक मारली, साहेबांच्या पाठीमागून डोळा मारला आणि विचारलं, "सांग साहेबले, तू मन्ही पावडर कधी टाकी का?"

उखाला वाटलं, भाऊ अडचणीत आहेत, आपल्या मालाची तारीफ करायला सांगताहेत. शेजारधर्माला तो जागला. छाती फुगवून म्हणाला, "म्हंजे काय! दर आठ दिवसले टाकस! हाई बाग तीवरच उभी शे, साहेब!"

साहेबांनी पिवळ्या बागेकडे पाहिलं. मग भाऊंकडे पाहिलं. भाऊंना आपण उभे आहोत की बसलो, हेही कळेना.

"खोटं बोली ऱ्हायना तो!" भाऊ ओरडले.

"मी? खोटं?" उखा चवताळला. "तुन्हाकरताच बोली ऱ्हायनू ना!"

"पुरे!" साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. "ज्यानं पिकाला फरक पडत नाही ते खत नव्हे."

भाऊंच्या डोळ्यांपुढे गोडाऊनचं कुलूप नाचू लागलं. "मग रसायन?" त्यांनी रडवेल्या आवाजात विचारलं.

"छे हो! रसायनानं काहीतरी होतं तरी. ह्यानं काहीच होत नाही. ह्याचा वर्ग माती! कर माफ!"

भाऊंनी साहेबांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. जिंकलो! जसोदाबाईंनी लगेच शिरा केला, उखालाही वाढला. जाता जाता साहेब एवढंच म्हणाले, "नियमाप्रमाणे प्रत्येक पिशवीवर वर्ग ठळक छापा बरं का."

भाऊंनी आनंदाच्या भरात सगळ्या पिशव्या छापून घेतल्या, तांबड्या शाईत, लांबून दिसेल अशा. बाजाराच्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं, शेजारच्या गावचा भिकन. त्यानं पिशवी उचलली, उलटसुलट केली, एकेक अक्षर लावून वाचलं आणि अलगद खाली ठेवली.

"रेवजीभाऊ," तो म्हणाला, "मन्हा वावरमा हाई कमी शे का?"