जवाईबापूंची उलाळ गाडी

गाडी खाली करायची, एवढंच मी ठरवलं होतं. चार इंच. चार इंचांनी माणसाच्या संसारात काय फरक पडतो, असं मला वाटलं. (तुम्हालाही वाटत असेल तर वाटू द्या. मी सांगतोय ते नीट ऐका.)

मी देवानंद. केनवडच्या एका शाळेत कनिष्ठ लिपिक आहे. वीस वर्षं कनिष्ठच आहे, त्यामुळे आयुष्यात कुठेतरी रुबाब पाहिजे असं मला अधूनमधून वाटतं. शिपाई सोडून शाळेत माझं कोणी ऐकत नाही आणि शिपाईही मनात असेल तरच ऐकतो. तर दुपारच्या सुट्टीत मोबाईलवर रील्स बघताना मला एक गाडी दिसली. साधीच, माझ्या गाडीसारखीच जुनी पांढरी हॅचबॅक. पण जमिनीला अशी चिकटून चालली होती की बघतच राहिलो. खाली लिहिलं होतं, घरबसल्या बसवा, गाडी खाली आणणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग. मी घरबसल्या मागवल्या. रेणूला, म्हणजे बायकोला, सांगितलं नाही. पार्सल शाळेच्या पत्त्यावर येईल अशी व्यवस्था केली आणि घाईत पत्ता घरचाच टाकला.

संध्याकाळी घरी आलो तर ओसरीत खोकं उघडं, आणि चार लाल स्प्रिंगा रांगेत उभ्या. शेजारी रेणू.

"हे काय व्हय?"

"स्प्रिंगा आहेत."

"ते दिसून राह्यलं मले. कायले आणल्या?"

आता मी खरं बोलायला हवं होतं. पण रेणू कंबरेवर हात ठेवून उभी राहिली की माझ्या तोंडून निघतं ते माझंही मला नवीन असतं. मी म्हणालो, "मामींसाठी."

मामी म्हणजे माझ्या सासूबाई, प्रयागबाई. जऊळक्याला राहतात. वय शहात्तर, गुडघे पार गेलेले. "गाडी उंच आहे ना आपली," मी पुढे म्हणत गेलो, "त्यांना चढता येत नाही. म्हणून म्हटलं, गाडीच खाली करून घ्यावी."

रेणू खाली बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. मी हादरलोच. सोळा वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्या कामाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं असेल तर ते रागाचं. हे वेगळं होतं.

त्यामागे एक जुनं दुखणं होतं. चार वर्षांपूर्वी मालेगावला एका लग्नात मामींना आमच्या गाडीत बसवायचं होतं. त्यांचा एक पाय आत, एक बाहेर. गुडघा वाकेना. मागे वऱ्हाडाच्या गाड्या हॉर्न देत होत्या, उन्हाने माझं डोकं तापलं होतं, आणि मी चार पाहुण्यांसमोर बोलून गेलो, "अरे कोणी मांगून लोटा रे त्याईले, नाही तं ट्रॅक्टर बोलवा." माणसं पोट धरून हसली. मलाही आपण मोठे विनोदी आहोत असं अर्धा मिनिट वाटलं. मग रेणूचा चेहरा दिसला. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. आणि मामी त्या दिवसापासून आमच्या घरी आल्या नाहीत. दिवाळी गेली, पोळे गेले, रेणूचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हाही नाही. फोनवर दोघी बोलायच्या, पण त्या दिवसाचा विषय कोणी काढत नव्हतं. रेणू मला उघड दोष देत नसे. नुसती सणाच्या दिवशी एक ताट जास्त वाढायची आणि मग ते उचलून ठेवायची. ते मला फार लागायचं.

तर रेणूने त्याच क्षणी फोन लावला. "आई, तुह्या गुडघ्यासाठी यायनं गाडी खाली करून घेतली. हो, चारी बाजूनं. रईवारी तुले घ्यायले येऊन राह्यले." पलीकडून मामींचा आवाज मला ऐकू आला, "येतो मंग. जवाई सोता येत असन तं काहून नाही येणार?"

फोन ठेवून रेणू माझ्याकडे अशी बघत होती, जशी लग्नाच्या पहिल्या महिन्यातही बघितली नव्हती. गाडी रविवारपर्यंत खाली झाली नाही तर मला स्वतःला जमिनीखाली जावं लागणार हे मला कळून चुकलं.

शनिवारी सकाळची शाळा असते. बारा वाजता घरी आलो तर जगदेव येऊन बसला होता. जगदेव आमच्या आळीतला मिस्त्री. मळणीयंत्र, पाण्याची मोटर, कडबा कापायची मशीन, काहीही उघडतो. बंद करतोच असं नाही. कारच्या स्प्रिंगा कधी बदलल्या आहेत का, असं मी विचारलं.

"बाबूजी, स्प्रिंग ते स्प्रिंग. गाडी उचलाची, जुनी काढाची, नवी घालाची. त्यात काय हाये?"

गाडी उचलायला दोन जॅक होते, एक माझा, एक त्याचा. पण नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नये, असं स्प्रिंगा बसवायच्या एका व्हिडिओत पुन्हापुन्हा सांगितलं होतं. खाली लोखंडी घोडे, म्हणजे टेकू, लावा म्हणे. आमच्याकडे घोडे कुठले? जगदेवने ओसरीकडे बघितलं. ओसरीत माझ्या दोन एकराच्या सोयाबीनचे बावीस कट्टे, म्हणजे पोती, होते, भाव वाढेल म्हणून गेल्या दिवाळीपासून ठेवलेले. वाशीम जिल्ह्यात दर दुसऱ्या घरात असे कट्टे आहेत आणि त्यांचा आजवर पलंग, टेबल, आडोसा असा सगळा उपयोग झालेला आहे. गाडीखाली मात्र पहिल्यांदा आम्हीच लावले.

मागची बाजू जमली. ते मला आजही कबूल करावं लागतं. कट्टे दगडासारखे बसले, चाकं निघाली. जगदेवने एक नट फिरवला, आणि जुनी स्प्रिंग फटकन सुटून माझ्या कानाजवळून गेली, अंगण ओलांडून शेजारच्या नानीबाईंच्या गोठ्यातल्या टोपल्यावर आदळली. म्हैस दावं तोडून उभी राहिली. नानीबाई बाहेर आल्या, स्प्रिंगकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हशीला आत घेऊन गेल्या. मी हात कानावर ठेवला तर कान जागेवर होता.

"निंगाली," जगदेव शांतपणे म्हणाला.

मागे दोन्ही लाल स्प्रिंगा बसल्या. गाडीची पाठ अशी झकास खाली आली की मी मोबाईलवर फोटो काढला. मग पुढची बाजू. कट्टे पुढे आणले, रचले, गाडी त्यांच्यावर टेकवली. जगदेव तंबाखू मळायला उंबऱ्यावर बसला, आणि मी बॅटरी घेऊन डोकं खाली घातलं, कुठला नट आहे ते बघायला. कानाशी बारीक आवाज यायला लागला. सर्रर्र. मला वाटलं टायरची हवा. बॅटरी फिरवली तर खालच्या कट्ट्याला उंदराने पाडलेलं भोक, आणि त्यातून सोयाबीनची अशी धार लागलेली. माझ्या नाकावर गाडीचं पोट हळूहळू उतरत होतं. अगदी सावकाश, जसा साहेब फाइल वाचता वाचता तुमच्या चुकीपर्यंत येतो तसं. मी सरपटत मागे निघालो. शर्ट कशात तरी अडकला, तो तिथेच राहिला. मी बाहेर, आणि गाडी धप्पकन चाकावर. पुढची चाकं अजून काढली नव्हती, हे माझं नशीब.

अंगणभर सोयाबीन, त्यात बनियानवर बसलेला मी. रेणू स्वयंपाकघरातून धावत आली.   जगदेवने तंबाखू तोंडात टाकली.

"पुढच्याले मी हात नाही लावत आता," तो म्हणाला. "मांगचं तं झालं ना? मामीजी मांगंच बसतात."

हे मला पटलं. (पटलं म्हणजे, शर्ट काढायलाही मला परत खाली शिरायचं नव्हतं.)

रविवारी सकाळी निघालो. गाडी पुढून उंच, मागून खाली. रस्त्यावर लोक थांबून बघत होते. मालेगावला चौकात एका दुकानदाराने विचारलं, "बाबूजी, डिक्कीत काय भरलं एवढं?" डिक्की रिकामी होती. मी हसून हात केला आणि काच वर केली.

जऊळक्याला मामी दारात खुर्चीवर तयार बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून. चार वर्षांत खूप वाळल्या होत्या.  मी पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सामान भरा पयले."

सामान म्हणजे काय, हे मी विसरलो होतो. आमच्याकडे आई लेकीच्या घरी रिकाम्या हाताने जात नाही, आणि मामींना चार वर्षांची कसर काढायची होती. गव्हाचं एक पोतं. तुरीच्या डाळीचा अर्धा कट्टा. ज्वारी. मुगाच्या वड्यांचा डबा, लोणच्याची बरणी, दोन भोपळे आणि दगडी पाटा, कारण रेणूचा पाटा गुळगुळीत झालाय असं तिने कधीतरी फोनवर सांगितलं होतं. मी भरत गेलो. गाडी बसत गेली.

मग मामी आल्या. दार उघडलं, त्यांनी पाठ करून बूड टेकवलं आणि पाय उचलून आत घेतले. दोन सेकंदांत. कोणाचा हात लागला नाही.

"सोपं हाये बाई," त्या म्हणाल्या.

काय सांगू, माझे डोळे भरून आले. खोटं बोलून सुरू केलेली गोष्ट खरी झाली होती. मी मोठ्या अभिमानाने गाडी सुरू केली आणि बघतो तर समोर रस्ताच नाही. समोर बोनेट, आणि बोनेटच्या वर आभाळ. स्टिअरिंग इतकं हलकं की फिरवलं काय न फिरवलं काय, गाडी आपल्या मनाने चालली होती. पहिल्या गतिरोधकावर मागून असा आवाज आला, की लोखंडाला कोणी कानस मारतंय.  मागे बघायची हिंमत होईना.

"थांबवा," मामी म्हणाल्या. "गाडी उलाळ झाली."

मी आयुष्यभर टेबलावर काम केलेला माणूस. मामींनी मात्र चाळीस वर्षं बैलगाडीवर माल वाहिलेला. मागे वझं जास्त झालं की बैलगाडीचं जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला फास लागतो. त्याला उलाळ म्हणतात. शेतकऱ्याच्या पोराला हे पाचव्या वर्षी कळतं. मी बारावीनंतर टायपिंग केलं.

"आता काय करायचं, मामी?"

"वझं पुढं सरकवा. अजून काय?"

त्या स्वतः उतरून पुढच्या सीटवर येऊन बसल्या. पायाशी पाटा, मांडीवर भोपळे. डाळीचा कट्टा माझ्या सीटखाली शिरेना म्हणून माझ्या पाठीशी उभा केला. तरी नाक वरच. मामींनी बोनेटकडे बोट दाखवलं. मी नको नको म्हणत होतो, पण नकार चालणार नाही असा त्यांचा आवाज होता. जऊळक्याच्या रेल्वे स्टेशनजवळ उभ्या दोघा माणसांनी गव्हाचं पोतं उचलून बोनेटवर आडवं टाकलं आणि दोराने दोन्ही खिडक्यांतून आवळलं. पत्र्याला केवढा खड्डा पडला ते मी बघितलं नाही. गाडीचं नाक मात्र खाली आलं. रस्ता दिसायला लागला, पोत्याच्या वरून, थोडासा.

"डावीकडं घ्या," मामी सांगायच्या. "म्हैस हाये. आता नाही."

असे आम्ही केनवडला पोहोचलो. माझ्या रुबाबाचं वर्णन मी करत नाही. आळीतल्या सगळ्यांनी मोबाईलवर घेतलंय, तुम्हाला कोणीही दाखवेल.

रेणूने दारात भाकरतुकडा ओवाळला. मामी उंबरा ओलांडून आत आल्या. चार वर्षांनी. मायलेकी गळ्यात पडून रडल्या आणि मीही बाजूला उभा राहून रडलो. तिथे मी गप्प बसलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण माझं मन भरून आलं होतं. मी मामींच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "मामी, त्या दिवशी मी बोललो त्याची माफी असू द्या."

"कोन्त्या दिवशी?"

"मालेगावच्या लग्नात."

"काय बोलले होते तुमी?"

शहाण्याने इथे उठून पाणी प्यावं. मी लिपिक. अर्धवट अर्ज मला देता येत नाही. मी सगळं सांगितलं. लोटा रे त्याईले, ट्रॅक्टर बोलवा, कोण कोण हसलं, नावानिशी.



"असं बोलले तुमी?" मामी म्हणाल्या. "मले तं ऐकूच आलं नोतं. बँड वाजून राह्यला होता."

रेणू आईसमोर येऊन बसली. "मंग तू चार वर्सं आली काहून नाही, आई?"

"कोनी घ्यायले आलं का? फोनवर 'ये ये' म्हणता. बोलावणं घेऊन दारात माणूस येत नाही तं मी पोरीच्या घरी उठून कशी येऊ? पंचाहत्तरीपुढं एसटी तं मले फुकट हाये."

रेणूने मान वळवून माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी लिहू शकत नाही. चार वर्षं. एक बस, एक चक्कर, एक 'चला मामी'. त्याऐवजी मी गाडीचं हे केलं होतं.

"आता मातर," मामी पाय लांब करत म्हणाल्या, "मले राग येऊन राह्यला."

तेव्हापासून त्या रागावलेल्या आहेत. खऱ्या. पुढच्या खोलीत पलंगावर बसून. माझ्याशी थेट बोलत नाहीत, आणि त्यांना भेटायला आळीतल्या बाया रोज येतात. आलेल्या प्रत्येकीला मामी माझं ते वाक्य माझ्याच आवाजात करून दाखवतात. त्यावर आता कोणी हसत नाही. मग त्या थोडं थांबतात आणि म्हणतात, "मले लोटा म्हने. मी बसली तं जवायाची गाडीच उभी झाली." त्यावर मात्र नानीबाईंसकट सगळ्या इतक्या हसतात की चहा सांडतो. रेणू तर भिंतीला टेकून हसते. कितीतरी वर्षांनी तिला असं मोकळं हसताना बघतोय, म्हणून मी काही बोलत नाही. आत जाऊन परत चहा टाकतो. मामी रेणूकरवी निरोप पाठवतात की तोही पांचट आहे.