रामटेके सरांचं 'विथ'

आमच्या वरोऱ्यातले रामटेके सर लग्नाला जाताना खिशात काळा मार्कर ठेवतात. आहेर एखाद्या वेळी विसरतील, मार्कर नाही.

मागच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या अमोलचं लग्न झालं. स्टेजमागे भलामोठा फ्लेक्स: 'अमोल वेड्स विथ प्रणाली'. बुद्धवंदना आटोपली तसे सर खुर्चीवर चढले आणि त्यांनी 'विथ'ला काळं फासलं. "वेड्सपुढं विथ लागत नाई! किती वर्षं झाले सांगून राह्यलो!" नवरीचे मामा धावून आले. आता अल्बममधल्या प्रत्येक फोटोत नवरा-नवरीच्या मधोमध ते काळं ठिगळ आहे. सरांना त्याचा अभिमान वाटतो.

जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण जीव अडकला त्या एका शब्दात. बसची वाट बघणाऱ्यालाही धरतात, "विथचं खानदान मालूम हाय का तुले?" मला त्यांनी सलूनमध्ये गाठलं. अर्धी दाढी झालेली, पळणार कुठे? "अबे, जुन्या इंग्रजीत विथ म्हणजे विरुद्ध! सोबतचा अर्थ मागून चिकटला. फाइट विथ म्हणतो न आपण? थो जुनाच अर्थ हाय." वस्तरा गळ्याशी होता म्हणून मी मान हलवली नाही. मला पटलं नाही असं समजून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

बायको गेल्यापासून सर एकटेच. मुलगी स्नेहल बंगळुरूला नोकरीला. पूर्वी ती बापाला इंग्रजीतून लांबलचक मेसेज पाठवायची. ऑफिस, डबा, घरमालकीण, सगळं. सर उत्तरात तिच्याच चुका पाठवायचे, नंबर घालून. एकदा तिला ताप आला, तेव्हा 'डाउन विथ फीवर' बरोबर लिहिल्याबद्दल शाबासकी दिली. तब्येत विचारली नाही. मग तिच्याकडून नुसता अंगठा यायला लागला. दिवाळीपासून तोही बंद झाला.

परवा सकाळी सर आले आणि फोन पुढे केला. "पाहून दे भाऊ. पोरीले पाठवतो."

इंग्रजीत चार ओळी आणि चार चुका. 'विथ' तर नको तिथे घुसवलेलं. इतक्या वर्षांचं उट्टं काढायची संधी मी कशाला सोडतो? मोठ्यानं वाचून एकेक चूक दाखवली. सर बोटांवर मोजत होते.

"म्हणजे दिसते न तुले? बरं झालं," ते म्हणाले. "मुद्दामच टाकल्या. चुका काढासाठी तरी पोरगी लिहीन न मले?"

फोन हातात घेऊन मी आणखी दोन घातल्या.