शंभर ग्रॅम

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी परीक्षक कॅप्टन बालाजीराव फ्लाइंग क्लबच्या खोलीत येऊन बसले, आणि खुर्ची करकरली. अनिकेतने तो आवाज मनात टिपून ठेवला.

मूळ अकोल्याच्या अनिकेतने वैमानिक परवान्यासाठी चेन्नईतल्या आयटी कंपनीतून सहा महिन्यांची रजा घेतली होती. ती रविवारी संपत होती. आधी तोंडी परीक्षा, मग परीक्षकाला शेजारी बसवून उड्डाण. आज हुकलं, तर परवान्याशिवायच सोमवारी पुन्हा संगणक.

तयारी पक्की होती. मागच्या वर्षी पास झालेल्या संयुक्ताने त्याला मंत्र दिला होता. "माहीत नसेल तर सरळ माहीत नाही म्हण, थापा मारू नकोस. आणि बोलता बोलता ते एखादी चूक पेरतात. ती पकडायची."

"अकोल्याचा? मग मराठीत बोल," बालाजीराव म्हणाले. ते तंजावरकडचे मराठी. "इंग्रजीत पाठ केलेलं बाहेर येतं. मराठीत समजलेलं तेवढंच येतं."

इंजिन हवेत बंद पडलं तर? ढग खाली आले तर? अनिकेतने उत्तरं फटाफट दिली. एका प्रश्नाला तर "माहीत नाही, सर, पुस्तकात बघून सांगतो," असंही ऐटीत सांगितलं. बालाजीराव खूश दिसले.

"सरी, ठीक. आता वजनाचा हिशोब."

अनिकेतने कागद पुढे सरकवला. रिकामं विमान पाचशे तीस किलो, इंधन अडुसष्ट, बॅग चार, तो स्वतः अडुसष्ट आणि बालाजीराव, त्यांनीच फोनवर सांगितल्याप्रमाणे, चौऱ्याऐंशी. एकूण सातशे चोपन्न. मर्यादा सातशे सत्तावन्न.

त्याने कागदाकडे पाहिलं, मग बालाजीरावांच्या पोटाकडे, आणि त्याला ती करकर आठवली. हीच ती पेरलेली चूक!

"सर, तुमचं वजन मोजल्याशिवाय मी विमान उडवणार नाही."

वडीलधाऱ्या माणसाला वजन विचारायचं नसतं, आणि इथे तर ते खोटं ठरवलं होतं.

"शाब्बास," बालाजीराव उठले. "काटा कुठाय?"

काटा कँटीनमागे होता. कँटीनवाला सुब्बा त्यावर तांदळाची पोती मोजायचा. त्याने पोतं उतरवलं आणि कॅप्टनसाहेब चढले. लाल आकडे चमकले. चौऱ्याऐंशी, त्यावर एक ग्रॅम नाही.

"रोज पहाटे मोजतो मी," बालाजीराव उतरत म्हणाले. "आता तू."

"माझं मेडिकलच्या वेळी मोजलंय, सर. अडुसष्ट."

"केव्हा?"

"सहा महिन्यांपूर्वी."

"चढ."

साडेचौऱ्याहत्तर.

सुब्बाने काट्याखाली पोत्याचं टोक अडकलंय का ते वाकून पाहिलं. नव्हतं.

हे साडेसहा किलो चेन्नईतल्या मैलापूरचे होते. अनिकेत तिथे तंजावरकडच्याच मराठी हेमावतीअम्मांच्या घरी भाड्याने राहत होता. "रिकाम्या पोटी विमानात बसू नये बा," म्हणत त्या रोज वाढायच्या आणि तो नको म्हणाला की "परवायिल्लै, काही होत नाही, अजून एक घे." आजही त्यांनी सात इडल्या खाऊ घातल्या होत्या आणि परीक्षकांसाठी म्हणून बॅगेत अधिरसमचा, म्हणजे तिकडच्या अनारशांचा, स्टीलचा डबा कोंबला होता. बॅग काट्यावर ठेवली. साडेपाच किलो निघाली.

"बेरीज?"

"सातशे बासष्ट, सर. पाच किलो जास्त."

"म्हणजे माझ्या पोटाकडे बघत तू मला जास्त वजनाच्या विमानात बसवणार होतास."

अनिकेत गडबडला. "सर, डबा दीड किलोचा आहे. तो आपण इथेच संपवू—"

"पोटात गेलेलं वजन विमानाबाहेर राहतं?"

सुब्बा हसला. अनिकेतने कपाळ पुसलं आणि पेन काढलं. "डबा इथेच ठेवतो. पाच लिटर इंधन काढतो, म्हणजे तीन किलो सहाशे ग्रॅम. उरलेलं इंधन आपल्याला पुरून वर तासाभराचं शिल्लक राहतं. एकूण सातशे छप्पन्न किलो नऊशे ग्रॅम. मर्यादेच्या आत, सर."

"किती आत?"

"शंभर ग्रॅम."

"पुरे. पाय घसरून का होईना, पण जागेवर आलास," बालाजीराव म्हणाले. ते निकालाचा कागद घेऊन कँटीनच्या बाकावर बसले. क्लबचा मेकॅनिक इंधन काढायला कॅन घेऊन विमानाकडे गेला. सुब्बाने कॉफी आणून ठेवली.

बालाजीरावांनी पेनाचं टोपण काढलं. समोर डबा होता. त्यांनी झाकण उघडून वास घेतला. "आमच्या घरचा वास," असं पुटपुटत त्यांनी एक अधिरसम खाल्लं, अर्धा टम्बलर कॉफी प्यायली, मग दुसरं उचललं.

"तोंडी परीक्षा," ते लिहिता लिहिता म्हणाले, "उत्ती—"

"सर," अनिकेत म्हणाला.

"काय?"

"तुम्हाला परत काट्यावर चढावं लागेल."

चावणं थांबलं. पेनही थांबलं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी कागदावर 'उत्ती' एवढंच लिहिलेलं होतं, कॅप्टन बालाजीराव बूट काढून काट्यावर उभे होते, आणि सुब्बा आकडा वाचायला वाकला होता.